महालातली गल्ली आणि अकरा वाजताचं सर्वेक्षण

"मे महिन्यात नागपूरला कोण जातं?" असं आईने विचारलं तेव्हा माझं उत्तर तयार होतं: ज्याला फुकट शिकायला मिळतंय, तो जातो. मी पुण्यात एका आर्किटेक्चर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि सुट्टीत ठणठणाट. त्यामुळे 'वारसा आणि लोकसहभागातून शहराचं पुनरुज्जीवन' अशा भारदस्त नावाच्या कार्यशाळेची जाहिरात दिसल्यावर मी त्याच दिवशी अर्ज केला. आठवडाभर राहणं-खाणं त्यांचं, अहवालावर सहलेखक म्हणून नाव, आणि त्या नावांमधून एकाला परदेशी विद्यापीठात फी माफ असलेली जागा. निवड झाली तेव्हा घरी पेढे आणले. हे आधीच सांगते, कारण पुढे मी बरीच चिडणार आहे आणि मी तिथे चिडायला गेले नव्हते.

पुण्याहून संध्याकाळची गाडी धरली. उन्हाळ्यात जाणार असाल तर एसी डब्याचं तिकीट महिनाभर आधी काढा, कंजूषपणा करू नका. सकाळी सातला नागपूर आलं. आयोजकांचं हॉटेल वर्धा रोडवर होतं. फोन केला तर खोली दुपारीच मिळेल म्हणाले. मग ऑटोवाल्याला विचारलं, नाश्ता कुठे चांगला मिळेल?

"तर्री-पोहे खाल्ले का कधी? महालात नेतो," तो म्हणाला. "पर आत्ताच चला. उशीर केला तं संपून जाते."

महाल म्हणजे जुनं नागपूर. गल्लीच्या दोन्ही बाजूंना घरांसमोर गुडघ्याएवढे उंच दगडी ओटे, आणि ओट्यांवर माणसंच माणसं. दुकान उघडायला निघालेले, दूध घेऊन परतणारे, पेपर वाचणारे आजोबा, शिकवणीच्या पोरी, सगळे हातात प्लेट घेऊन. मधल्या एका घराच्या ओट्यावर शेगडी, पोह्यांची परात आणि हरभऱ्याच्या लालभडक तर्रीचं पातेलं. त्यामागे सुमनताई. घर त्यांचं, ओटाही त्यांचाच. नवरा गेल्यापासून या ओट्यावरच घर चालतंय, हे त्यांनी पहिल्या प्लेटीबरोबरच सांगून टाकलं.

"काहून वं, बॅग घेऊन सरळ इकडंच आली का?"

"हॉटेलात दुपारशिवाय घेत नाहीत."

"मंग बस नं इथंच. ओट्याले भाडं नाही लागत."

मी बसले. तर्रीने नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट घेतली. शेजारचे आजोबा सरकून मला सावलीत जागा देत होते, समोरच्या ओट्यावर कुणाचं तरी लग्न जमत होतं. वर्गात ज्याला आम्ही 'सार्वजनिक अवकाश' म्हणतो आणि ज्यावर पानंच्या पानं लिहून घेतो, ते इथे आयतं चालू होतं. मी मनापासून खूश होते. पोहे संपले, ताईंनी ओटा धुतला, माणसं पांगली आणि मी हॉटेलात गेले.

दुसऱ्या दिवशी आमची एसी बस नेमक्या त्याच गल्लीच्या तोंडाशी थांबली. वाजले होते अकरा. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. सगळी दारं बंद, आत कूलरची घरघर, ओट्यांवर चिटपाखरू नाही. नागपुरात मे महिन्यात या वेळेला शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, हे नागपूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आम्ही मात्र टोप्या घालून, बाटल्या लटकवून ओटे मोजत होतो. तक्त्यात एक रकाना होता: सध्याचा वापर. माझ्या गटाने प्रत्येक ओट्यासमोर लिहिलं, 'काही नाही'. सुमनताईंच्या ओट्यासमोरसुद्धा.

मी कार्यशाळेच्या संचालक सरांना गाठलं. म्हटलं, "सर, काल सकाळी मी इथे पोहे खाल्लेत. ही गल्ली माणसांनी भरलेली असते."

"आपल्याला पुराव्यावर चालायचंय," सर शांतपणे म्हणाले. "निरीक्षणाच्या वेळेत जे दिसलं, तेच नोंदवायचं."

"मग निरीक्षणाची वेळ बदलू या. सकाळी सातला येऊ."

"बस अकराचीच आहे. हॉटेलचा नाश्ता साडेदहापर्यंत असतो ना."

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. एका गल्लीचं भवितव्य हॉटेलातल्या इडली-सांबाराच्या वेळेवर ठरत होतं आणि सांगणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. वर संध्याकाळी त्यांनी 'लोकांचं ऐकायला शिका' या विषयावर व्याख्यान दिलं.

त्यानंतर रोज मी हॉटेलचा नाश्ता सोडला. वर्धा रोडवरून सीताबर्डीपर्यंत मेट्रो, तिथून महालापर्यंत ऑटो. मेट्रो स्वस्त आणि गार आहे, ऑटोचे पैसे मात्र बसण्याआधी ठरवा. सकाळी पोहे खात खात मी ओट्यांवरची माणसं कागदावर काढायची. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा जायची. तेव्हा बायका लसूण सोलत बसलेल्या, कुणी पापड उचलत असायचं, कॅरम मांडलेला असायचा. माझी दोन मोठी चित्रं तयार झाली: एक सकाळचं, एक संध्याकाळचं. सावजी जेवायला कुठे जायचं, तेही त्या बायकांनीच सांगितलं. घाम फुटतो, पण सोडू नका.

तोवर आमच्या गटाचा आराखडा झाला होता. वापरात नसलेले ओटे काढायचे, गल्ली रुंद करायची, फरसबंदी, कुंड्या आणि बसायला बाकडी. बसायला बाकडी! लोक ज्यावर बसतात ते फोडायचं आणि मग त्यांना बसायची सोय करून द्यायची. हा आराखडा शहराच्या सुशोभीकरण समितीकडे जाणार होता. समितीने होकार दिला की ओटे अतिक्रमणात मोजले जाणार.

लोकसहभागाची सभा हॉटेलच्या हॉलमध्ये ठेवली होती, भर दुपारी, गल्लीपासून कित्येक किलोमीटर लांब. गल्लीतून कोण येणार? मी ऑटो करून सुमनताईंना घेऊन आले. सरांनी त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं, फोटो काढून घेतला आणि विचारलं, "मावशी, तुमच्या मते या जागेचा आत्मा काय आहे?"

"आत्म्याचं मले नाही समजत," सुमनताई म्हणाल्या. त्या भिंतीवरचा आराखडा पाहत होत्या. "यात माहा ओटा कुठं हाय?"

"हा सध्या संकल्पनेचा टप्पा आहे."

"ते असू द्या. ओटा कुठं हाय?"

मी उठून माझी दोन्ही चित्रं लावली आणि म्हटलं, ओटा इथे आहे, आणि ओटा पाडायचा असेल तर आधी या माणसांना विचारा. माझा आवाज चढला होता, चढू दिला. सर चित्रांजवळ गेले, चष्मा सावरला आणि म्हणाले, "अप्रतिम. हे अहवालाच्या मुखपृष्ठावर घेऊ." आराखडा बदलणार का विचारलं, तर म्हणे मुदत संपत आली आहे. मग सुमनताईंकडे वळून म्हणाले, "निरोपाच्या जेवणाला तुमच्या पोह्यांचा काउंटर लावाल का? बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना अस्सल अनुभव मिळेल."

मला वाटलं, आता ताई यांना सुनावणार. त्यांनी थोडा विचार केला.

"लावतो. पर इथं पाण्याची बाटली ज्या भावाची, त्या भावात प्लेट पडंन."

आणि खरंच त्यांनी तो भाव वसूल केला. पाहुण्यांनी डोळे पुसत पुसत पोहे खाल्ले, वारशाच्या गप्पा मारल्या आणि विमानं पकडली. मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा ज्याला त्याला बोचकारावंसं वाटत होतं.

पुण्यात आल्यावर काही दिवसांनी अहवाल आला. मुखपृष्ठावर माझं सकाळचं चित्र, त्यात सुमनताई झारा घेऊन उभ्या. आतल्या आराखड्यात त्यांच्या घरासमोर कुंडी. सहलेखकांत माझं नाव होतं, आणि परदेशातल्या जागेसाठी माझा विचार चालू असल्याचं गोड पत्रही सोबत. मी संतापून लिहिलं: माझं नाव काढा, माझं चित्र काढा, तुमची जागा तुम्हालाच लखलाभ. लिहून बरं वाटलं. पाठवण्याआधी वाटलं, ताईंना सांगावं. खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती.

फोनवर मागे झाऱ्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव काढून तुले काय भेटन?"

"मी त्यांच्या पापात भागीदार होणार नाही, ताई."

"तू मोकळी होशीन. अन् मी?" आता त्या चिडल्या होत्या, माझ्यावर. "त्या समितीत मले कोनी बोलावते का? ज्याचं नाव असंन त्यालेच बोलावतीन नं? तू नाव काढून राहिली, मंग तिथं माह्या ओट्याचं कोन सांगन वं?"

माझ्या रागाने माझी सोय झाली असती, एवढंच.

अशा कार्यशाळांना तुम्ही अर्ज करणार असाल तर जरूर करा. शिकायला मिळतं, दारं उघडतात, हे खोटं नाही. फक्त तुमची निरीक्षणाची वेळ कोण ठरवतंय, ते पहिल्या दिवशी विचारा. आणि चिडलात, तर नाव मागे घेऊन घरी बसू नका.

मी ते पत्र खोडलं. दुसरं लिहिलं, थेट समितीला. या अहवालाची मी सहलेखक आहे, त्यातली ओट्यांची नोंद चुकीची आहे, आणि ते दाखवायला मला वेळ हवी आहे. बैठक गल्लीतच घ्या, सकाळी सात वाजता. प्रत संचालक सरांनाही पाठवली. परदेशातल्या जागेबद्दलची गोड पत्रं त्यानंतर बंद झाली. समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दर सोमवारी फोन करते आणि दर वेळी आधी सांगते की अहवालावर माझं नाव आहे.