रबराच्या बाळाचं रडणं

आम्हा नव्या नर्सना बाळंतपणाचं काम शिकवायला एक सिस्टर येतात. त्यांच्या पिशवीत रबराचं बाळ असतं. ते रडत नाही, म्हणून त्याच्या वाटचं त्याच रडतात. बाळ हातात आल्या आल्या पुसलं, वेळेत श्वास दिला, की पन्नाशीच्या या बाई 'ट्यां ट्यां' करतात आणि लगेच चष्मा सावरून म्हणतात, "हां, नेक्स्ट!" आम्हाला हसू आवरत नाही.

परवा सरावासाठी मी टेबलावर बाळंतीण होऊन झोपले होते. दिवाळे गावातल्या माझ्या मैत्रिणीने बाळ उचललं आणि आधी दाराकडे वळून ती ओरडली, "आजी, नातू झाला गो! पेढे आना!"

आम्ही सगळ्या हसलो. मग तिने टॉवेल शोधला, बाळ पुसलं, मास्क लावून हवा दिली. सिस्टरनी घड्याळात पाहिलं, ट्यां ट्यां केलं नाही.

"सिस्टर, रडा ना," ती म्हणाली.

सिस्टरनी टॉवेल बाळाच्या तोंडावर ओढला आणि बाळ तिच्या हातात दिलं. "जा. आता आजीला हे पण सांगून ये."

मैत्रिणीने बाळ माझ्या कुशीत ठेवलं. रबराचंच ते. तरी माझा हात टॉवेलखाली गेला, छाती हलतेय का बघायला.