पलंगाखालचं पाणी

नंदकुमार देठे वाशीच्या पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात राहायला आला तेव्हा त्याच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि एक पितळी घागर होती. पेटी आणि वळकटी सगळ्यांकडेच असते. घागर पाहून मात्र रेक्टर रेगे सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ही कशाला रे?"

"पाण्याला, सर."

"पाण्याला नळ आहे."

"व्हय, पण नळाचं पाणी गेलं म्हंजे?"

सरांना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. पोरगं चेष्टा करत नव्हतं. ती कला देवानं त्याला दिलीच नव्हती.

ते साल चौऱ्याऐंशी. वाशीत तेव्हा रस्ते रुंद आणि माणसं तुरळक होती, आणि इमारतींपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. पण पाणी होतं. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, आणि तो कधीही सोडला तरी वाहायचा. एवढ्या उघड गोष्टीवर नंदकुमारचा काडीचाही विश्वास नव्हता.

खोली म्हणजे दोन लोखंडी पलंग आणि त्यांच्या मधे उरलेला संकोच. एकानं बुटाची नाडी बांधायला वाकायचं तर दुसऱ्यानं पाय वर घेऊन बसावं लागे. दुसरा पलंग मुस्तफा मुकादमचा. हा उरणकडचा, बापाचा मासेमारीचा मचवा होता, आणि बोलायला लागला की मुस्तफाला थांबवायला मास्तरच लागायचा. खोली लहान आहे म्हणून कुरकुर करणारी मुलं शेजारीपाजारी पुष्कळ होती. मुस्तफाची कुरकुर वेगळी होती. खोलीत आपण दोघं नाही, तिघं राहतो, असं त्याचं म्हणणं. तिसरं कोण, तर पाणी.

कारण नंदकुमार रोज दिवे लागायच्या सुमारास उठायचा आणि भरायला लागायचा. आधी घागर. मग बादली. मग मेसमधून मागून आणलेला तेलाचा डबा, मग रंगाचा रिकामा डबा, मग कुठल्याशा बांधकामावरून उचललेलं घमेलं. हे सगळं पलंगाखाली ओळीनं जायचं. काळजी मिटली की तुमचा-आमचा जीव भांड्यात पडतो. नंदकुमारचा पडायला भांडं काठोकाठ भरलेलं लागायचं.

"अरे बाबा, आमच्या उरणला तलाव आहेत," मुस्तफा म्हणायचा, "पण आमी ते घराबाहेर ठेवतो."

नंदकुमार ऐकून घ्यायचा आणि डब्यावर वर्तमानपत्र झाकायचा.

त्याला हसणं सोपं आहे. पण तो आटपाडीकडच्या ज्या खेड्यातून आला होता तिथं कुणी हसलं नसतं. बहात्तरच्या दुष्काळात तो जेमतेम शाळेत जायच्या वयाचा होता. त्याची आई केशरबाई दिवसा रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि उरलेल्या वेळात आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटी घेऊन बसायची. झरा पाझरेल तसं वाटी-वाटीनं घागरीत. तेव्हापासून देठ्यांच्या घरात एक नियम झाला. दिवेलागणीला घरात रिकामं भांडं दिसता कामा नये. आणि घागर उपडी घालायची ती फक्त घरात कुणी गेलं तर. हा नियम नंदकुमारनं वर्गात शिकवलेल्या इंजिनांच्या सगळ्या नियमांपेक्षा पक्का पाठ केला होता.

मुस्तफाशी त्याचं जमलं ते मात्र पाण्यामुळे नव्हे. वर्गात सगळं इंग्रजीतून चालायचं आणि नंदकुमार तिथं गाभाऱ्यात चुकून शिरलेल्या माणसासारखा अवघडून बसायचा. खोलीवर आल्यावर मुस्तफा तेच सगळं त्याच्या वाहत्या मराठीत परत सांगायचा, मधे शिव्या आणि मासळीच्या गोष्टी घालून, आणि ते नंदकुमारच्या डोक्यात चक्क शिरायचं. सहामाहीला तो पास झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असा मित्र मिळाला होता, की जो नसला तर खोली ओकीबोकी वाटावी. हे त्यानं मुस्तफाला कधी सांगितलं नाही. देठ्यांच्या घरात असलं काही सांगत नाहीत.

आणि मग मुस्तफाला हिवताप झाला.

थंडी भरून तो असा हुडहुडायला लागला की पलंग वाजायचा. तपासणीला आलेल्या आरोग्य खात्याच्या माणसानं खोलीभर नाक फिरवलं, वाकून टॉर्च पलंगाखाली मारला आणि रंगाचा डबा बाहेर ओढला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. "हे कुणाचं?" त्यानं विचारलं. नंदकुमारला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं; पण खोली दुसऱ्या मजल्यावर होती.

मुस्तफाचा मोठा भाऊ येऊन त्याला उरणला घेऊन गेला. रेगे सरांनी नंदकुमारला बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "वरच्या मजल्यावर एक जागा होतेय. मुस्तफा परत आला की त्याला मी तिकडे हलवणार आहे. त्याची ना नसेल. कोण राहील तुझ्याबरोबर?"

त्या दिवशी नंदकुमारनं सगळी भांडी बाहेर काढली. पण पाणी ओतून द्यायचं कुठं? मोरीत ओतायला हात धजेना. शेवटी एकेक डबा खाली नेऊन त्यानं रस्त्याकडेच्या नव्या रोपांना घातला. तिथला माळी भगवान कमरेवर हात ठेवून बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याला मदत करणारा हा पहिलाच विद्यार्थी होता, आणि तो चेहऱ्यावरून तरी पोलिसांच्या भीतीनं पुरावा नष्ट करत असल्यासारखा दिसत होता.

डबे भंगारात गेले. घागर त्यानं घासली, कोपऱ्यात उपडी घातली आणि तिच्याकडे पाठ करून बसला. पुढच्या संध्याकाळी मोठ्या कठीण गेल्या. दिवे लागले की त्याचे हात शिवशिवायचे. तो व्हरांड्यात जायचा, नळ सोडायचा, पाणी येतंय ना बघायचा, बंद करायचा आणि परत यायचा. थोड्या वेळानं पुन्हा जायचा. पण भरलं मात्र काही नाही.

मुस्तफा परत यायचा होता त्याच संध्याकाळी केशरबाई आली. गावातला कांद्याचा ट्रक वाशीच्या बाजारात आला होता. पोराला बघायला म्हणून ती पुढच्या सीटवर बसून आली होती. दारात उभी राहिली, खोली बघितली, आणि तिची नजर कोपऱ्यात गेली. दिवेलागणीची वेळ, आणि घागर उपडी.

"कोन गेलं रं?" तिनं उंबऱ्यावरूनच विचारलं.

"कुनी न्हाई, आये. समदी बरी हायती."

"मग ही अशी का?"

तिनं घागर उचलली, कमरेवर घेतली आणि नळाकडे निघाली. त्याच वेळी जिन्यातून मुस्तफा वर येत होता, हातात पिशवी, गालफडं बसलेली. नंदकुमार आईच्या आडवा आला. आईच्या आडवं येणं ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

"नको, आये. माझ्या साठवल्या पाण्यानं ह्याला हिवताप आला. मरता मरता वाचलाय त्यो."

केशरबाईनं मुस्तफाकडे बघितलं. नंदकुमारनं नळ सोडला. पाण्याची जाड धार पडली.

"बंद कर, बंद कर!" ती घाईनं म्हणाली.

त्यानं बंद केला. पुन्हा सोडला. धार तशीच.

"सकाळी?"

"सकाळीबी."

"आन उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातबी असंच असतंय म्हनत्यात."

ती घागर घेऊन तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली. बराच वेळ त्या धारेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग आमच्याच वाट्याला का रं न्हाई?"

एवढे महिने मुस्तफानं त्या डब्यांची टिंगल केली होती. ते कुठल्या धास्तीनं भरले होते हे त्याला आत्ता कळत होतं. तेवढ्यात रेगे सर आले. "आलास का? चल, तुझं सामान वर न्यायचं आहे."

मुस्तफानं सरांकडे बघितलं, उघड्या दारातून पलंगाखालच्या मोकळ्या फरशीकडे बघितलं, मग नळ घट्ट पिळत उभ्या असलेल्या नंदकुमारकडे.

"सर, नको," तो म्हणाला. "हा आताशी कोरडा झोपायला शिकतोय. मी वर गेलो तर पुन्हा भरायला लागेल."

आणि पिशवी नेऊन त्यानं आपल्या पलंगावर ठेवली. नंदकुमारला भरून आलं, आणि ह्या खेपेला ते कुठं साठवायचं हे त्याला कळेना. तो आईच्या शेजारी पायरीवर बसला आणि सगळ्यांदेखत रडला.