सगुणाबाईच्या मुलीसाठी कोण उभं राहिलं

काल आमच्या नगरच्या ग्रुपवर तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की देऊ नये, यावरून जोरदार वाद चालला होता. चार जणांनी मला हाक मारली, "सर, तुम्ही बोला." मी बोललो नाही... का, ते इथे लिहितो.

बहात्तरचा दुष्काळ. पाथर्डीकडचं एक खेडं, पत्र्याचं छोटं चर्च, आणि समोर खडी फोडून हातांना फडकी बांधलेली वीस-पंचवीस घरांची मंडळी. मी पंचविशीतला शिक्षक, शनिवारी नगरहून एसटीने यायचो आणि रविवारी उपदेश करायचो. पुष्कळ वाचलं होतं, आवाज खणखणीत होता, आणि लोक ऐकतात याची चटक लागली होती.

त्या रविवारी सगुणाबाईच्या चार महिन्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला होता. सगुणाबाई लग्नानंतर ख्रिस्ती झालेली. नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेलेला, आणि तिला स्वतःला खोकल्याने धरलेलं.

आमच्याकडे तान्ह्याच्या बाप्तिस्म्याला पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आधी मंडळीला विचारतात, "या लेकराला वाढवायला तुम्ही हातभार लावाल का?" सगळी मंडळी उभी राहून हो म्हणते. मग लेकराच्या कपाळावर पाणी.

त्याआधी माझा उपदेश होता. मी म्हणालो, जन्माचा शिक्का पुसायला आपले आजे-पणजे या धर्मात आले, मग आपल्याच लेकरांवर जन्मतः दुसरा शिक्का का मारता? बाप्तिस्मा म्हणजे माणसाने कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने दिलेला शब्द. ज्याला बोलता येत नाही, त्याचा शब्द आपण कोण देणार?

मला आजही यातलं एक अक्षर खोटं वाटत नाही. पाळक म्हातारे, वादाला कंटाळणारे. मंडळीतले वडीलधारे याकोबदादा मान डोलावत म्हणाले, "मास्तर म्हनत्यात त्यात दम हाय. पोरगी मोटी हुंद्या, मग बगू." बाप्तिस्मा पुढे ढकलला.

बाहेर सगुणाबाईने मला थांबवलं. "मास्तर, तिला काय कळत न्हाई म्हून तर आनली हितं. कळाया लागल्यावर तिचं ती बगंल. तवर कोन बगंल?"

मी हसलो. म्हणालो, "अहो बाई, मंडळी काय पोरीला टाकणार आहे? त्यासाठी पाणी कशाला लागतं?"

"पान्यासाठी न्हाई आले मी. समद्यांनी उबं ऱ्हावं, येवढंच हुतं." तिने पोरीच्या डोक्यावर पदर ओढला आणि ती निघून गेली. मला वाटलं, भोळी श्रद्धा... एसटीत बसून मी पुढच्या रविवारचे मुद्दे काढले.

दीड महिन्याने सगुणाबाई गेली. खडीच्या कामावरच, बसल्या जागी. मी रजा काढून गेलो. दफन झालं आणि चर्चसमोर लिंबाखाली बैठक बसली. पोरगी याकोबदादांच्या सुनेच्या मांडीवर रडत होती. तिला ठेवायचं कोणाकडे?

कोणी दुष्ट नव्हतं, हे आधी सांगतो. प्रत्येक घरात खाणारी सात-आठ तोंडं, आणि भाकरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची, तीही अर्धी अर्धी. ज्याच्याकडे बघावं तो जमिनीकडे बघत होता.

मग मी उठलो आणि बोललो. दया, शेजारधर्म, अनाथांचा कैवार... चांगलंच बोललो असणार. याकोबदादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मास्तर, शब्द आपल्या तोंडानं द्यायचा, आसं तुमीच म्हनला हुता. आमी कुटं दिला? देनार हुतो, तर तुमी खाली बसवलं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "नगरला न्या की तुमी. लई ग्वाड बोलता, पोरगी रडायची थांबंल."

दोघं-तिघं हसले. मी भाड्याच्या खोलीचं, एकट्या माणसाचं कारण सांगितलं. कारण खरं होतं. तिथे सगळ्यांचीच कारणं खरी होती.

पोरगी तेवढ्यापुरती याकोबदादांच्या सुनेकडेच राहिली, आणि पुढच्या रविवारी आष्टीकडून सगुणाबाईचा भाऊ आला. तो आमच्या धर्मातला नव्हता. बहिणीच्या लग्नापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मी त्याला विचारलं, "तुमचीही चार लेकरं आहेत म्हणे. झेपेल का?"

"भाची हाय माजी," तो म्हणाला. "त्यात इचारायचं काय?" पोरीला उपरण्यात गुंडाळून तो चालत निघाला. आमच्यापैकी कोणीही वेशीपर्यंत गेलं नाही... मीसुद्धा.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी त्याच्या गावी गेलो. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, सगळी घाटाखाली कामाला गेली, कुठे ते ठाऊक नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गेलो, तेव्हा घराच्या भिंती खचलेल्या होत्या.

माझं मत बदललेलं नाही. विश्वास ज्याचा त्यानेच, कळत्या वयात कबूल करायचा असतो, हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावर सांगेन. पण चर्चमध्ये कोणी तान्हं लेकरू घेऊन पुढे आलं आणि पाळकांनी मंडळीला तो प्रश्न विचारला, की मी सगळ्यांच्या आधी उभा राहतो. गुडघे दुखतात, तरी राहतो. घरी येऊन त्या लेकराचं नाव आणि पत्ता एका वहीत लिहून ठेवतो, आणि वर्षातून एकदा तरी त्या दारात जाऊन येतो.

वहीत आता पुष्कळ पत्ते झालेत... सगुणाबाईच्या मुलीचा मात्र मला कधीच सापडला नाही.