झुंबरबाईनं उचललेला भंडारा

गेल्या निवडणुकीत जे मटण हाणलंत ते कुणाच्या पैशाचं होतं, विचारलंत कधी? आम्हीही नाही विचारलं. म्हणून झुंबरबाईचं सांगतो.

कागलच्या एमआयडीसीलगत आमचं गाव. चार म्हशींवर घर चालवणारी ही विधवा बाई. रंगाच्या कारखान्याचं पाणी ओढ्यात उतरलं, ते पिऊन एक गाभण म्हैस गाभडली, तेव्हा हिनं ते तांबडं पाणी कळशीत भरलं आणि ग्रामसेवकाच्या टेबलावर ओतलं. "पी की आता, सायबा!" गाव खूश. पंचायतीला बायकांची राखीव जागा निघाली तेव्हा तिचा अर्ज मीच भरून दिला.

ती उभी राहिली त्या पॅनेलचा प्रमुख उदयसिंह. त्यानं गाड्या दिल्या, आठवडाभर जेवणावळी उठवल्या. पैसा कुठला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मग त्यानं सगळ्या उमेदवारांना बिरोबाच्या देवळात नेऊन ताटातला भंडारा उचलायला लावला. पॅनेल म्हणेल तिथंच हात वर करायचा. स्टॅम्पपेपर मोडणारे आमच्यात पायलीला पन्नास, पण देवाची हळद उचलून शब्द दिला की तो कुणी मोडत नाही.

झुंबरबाई निवडून आली. दोन महिन्यांत विषय आला: त्याच कारखान्याच्या वाढीला पंचायतीची ना हरकत. गाड्यांचं डिझेल, जेवणं, सगळं त्याच मालकाचं, हे उदयसिंहाच्या ड्रायव्हरनं आता सांगितलं. समोरच्या पॅनेललाही तोच पोसत होता म्हणे.

मी तडक तिच्या गोठ्यात गेलो. ती धार काढत होती.

"आक्का, उद्या हात वर करू नगंस."

"भंडारा उचललाय बाबा मी."

"देवाच्या नावानं कारखानदाराची चाकरी लावली तुला त्यांनी!"

"व्हय की. पर हात माझाच व्हता न्हवं? थोरल्या लेकीचं दिवस भरत आल्यात. काय वंगाळ झालं तर तू येणार हायस निस्तराय?"

"आणि ओढा?"

"वरडू नगंस. म्हस पान्हा चोरतीया."

मी तोंडाला येईल ते बोललो. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊपैकी नऊ हात वर. तिचा सगळ्यात शेवटी, खांद्यापर्यंतच.

"आणि वर घ्या की झुंबरबाई, दिसंना," उदयसिंह हसत म्हणाला.

तिनं घेतला.

आता ती म्हशी ओढ्यावर नेत नाही. बोअरवरनं घागरी वाहते. माझ्याशी बोलत नाही, आणि माझीही तिच्या दारात जायची छाती होत नाही. अर्ज भरताना मी तरी तिला कुठं सांगितलं होतं, पुढं काय वाढून ठेवलंय ते?

येत्या बुधवारी, सकाळी अकराला, गावच्या शाळेत कारखान्याची जनसुनावणी आहे. पंचायतीचा ठराव त्यांच्या हातात आहे. आमच्याकडं पाचसहा हरकतीचे अर्ज, त्यांना हिंग लावून कुणी विचारणार नाही. आमच्या गावात ज्यांनी बोलावं त्यांची तोंडं बांधलीत. तुमचं अजून मोकळं असेल तर बुधवारी या, आणि उभं राहून बोला.