ऊठ, हात तापव, बस

एलादिओच्या घरातल्या फोनची घंटा त्याच्या बायकोने, इडालियाने, बंद करून ठेवली होती. कारण घंटा वाजली की एलादिओ उभा राहायचा. तोंडात घास असो, पायात एकच चप्पल असो, हा उभा, आणि उजवा खांदा आपोआप गोल फिरायला लागायचा. एकदा मिस्सा चालू असताना, सगळं चर्च गुडघ्यांवर असताना, कुणाच्या तरी पर्समध्ये फोन वाजला आणि हा एकटा ताडकन उठला.

"देवापुढे तरी बूड टेक," इडालिया त्याचा सदरा ओढत कुजबुजली.

"टेकतोय ना," तो म्हणाला. पण मिस्सा संपेपर्यंत त्याचा गुडघा हलत होता.

त्याचा धंदाच तसा होता. बेसबॉलच्या सामन्यात सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमला किंवा मार खायला लागला, की निस्तरायला ज्याला आत बोलावतात, तो राखीव पिचर. असे पिचर मैदानाच्या कडेला, कुंपणामागच्या जागेत बसून असतात. तिथे भिंतीवर एक फोन. मॅनेजरला वाटलं की तो फोन करतो, "एलादिओला उठव." मग एलादिओने उठायचं आणि हात चांगला तापेपर्यंत निनोकडे चेंडू फेकायचे. निनो म्हणजे त्या जागेतला चेंडू झेलणारा कॅचर, ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे हात तापवून देण्यात गेलं. मग पुन्हा फोन. "बसव त्याला." की बसायचं. सामन्याच्या हिशेबात त्या फेकीला किंमत नसते. दंडाला मात्र ते कळत नाही, तो तेवढाच दुखतो.

बानी या त्याच्या गावातल्या लोकांनी त्याचं नाव 'किटली' ठेवलं होतं. वाण्याच्या दुकानापुढे डोमिनो मांडून बसलेली मंडळी तो दिसला की सुरू व्हायची.

"काय रे किटली, आज तरी कपात ओतली का तुला?"

"नाही हो, नुसतीच चुलीवर होती. वाफ बघितली मी."

एलादिओ हसायचा, उभ्याउभ्याच एखादी खेळी सुचवायचा आणि चालू लागायचा. खुर्ची दिली तरी बसायचा नाही.

त्याचा बाप मिठागरात फावडं मारायचा. लहानपणी एलादिओ मिठाचे खडे दूरच्या खांबावर नेमके मारायचा, ते कुणीतरी पाहिलं आणि सतरा वर्षांचा पोरगा उत्तरेला, अमेरिकेत गेला. तिथल्या लहान गावांतून, लहान संघांतून, रात्रंदिवस बसने फिरत त्याची वर्षं गेली. एकदाच वरच्या, सगळ्यात मोठ्या संघाने बोलावलं. त्यांचा एक पिचर आजारी होता, तो बरा होईपर्यंत. तेवढ्या दिवसांत एलादिओला चारदा उठवलं आणि चारदा बसवलं. कुंपणाचं फाटक काही त्याच्यासाठी उघडलं नाही. आजारी माणूस बरा झाला आणि याला परत पाठवलं. जो आत जाऊन एक चेंडूही टाकत नाही, त्याचं नाव कुठेच लागत नाही. न्हावी दाढी करताना विचारायचा, "गेला होतास म्हणे तिथे. कोणी पाहिलं?" एलादिओ दुसरा गाल पुढे करायचा.

आता तो अडतिसाव्या वर्षी घरच्याच संघातून, सालिनेरोसकडून, हिवाळ्याचे सामने खेळत होता. खेळत होता म्हणजे, तापत होता. ऑक्टोबरपासून जवळजवळ रोज त्याला उठवलं होतं आणि एकदाही आत नेलं नव्हतं. डिसेंबर आला. उत्तरेत खेळणारे तरणेबांड खेळाडू विश्रांती घेऊन परतायला लागले, म्हणजे कुणाची तरी नावं कटणार. सोमवारी यादी होती. पुढे त्याला कुणी घेणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. त्याचं मागणं फार नव्हतं. नाव कटायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्या फाटकातून आत जायचं होतं.

रविवारी दुपारी निघताना इडालियाने आल्ताग्रासियाच्या माउलीच्या, देवमातेच्या, तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. तेवढ्या वेळात एलादिओ दारापर्यंत तीनदा जाऊन आला.

"काय मागितलंस?" त्याने विचारलं.

"तुझ्यासाठी नाही मागितलं. माझ्यासाठी मागितलं. घरात दोन तास एका जागी बसणारा नवरा."

सामना अटीतटीचा झाला. पाचव्या डावात फोन आला, एलादिओ उठला, तापला, बसला. नवव्या डावात सालिनेरोस एका धावेने पुढे होते. वांद्री नावाचा तरुण पिचर मैदानात होता आणि त्याने पहिल्याच फलंदाजाला बाद केलं. एलादिओ कुंपणामागे पुन्हा तापून उभा. फोन वाजला. निनोने ऐकलं, मान हलवली आणि फोन ठेवताना एलादिओकडे पाहिलं नाही.

"म्हातारा म्हणतोय, पोरगा सावरला. बस."

म्हातारा म्हणजे मॅनेजर रेम्बेर्तो. एलादिओने जाकीट चढवलं, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मैदानाकडे पाठ करून बसला.

"अरे, असं पाठ करून बसू नये," निनो म्हणाला.

"समोर बसून काय मिळालं?"

पण तिकडे म्हातारा फोनवर पाठमोरा बोलत असताना एक गोष्ट घडली होती. पोराला धीर द्यायला त्याचा मदतनीस कोच, न विचारताच, पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर जाऊन दोन शब्द बोलून परत आला होता. ते म्हाताऱ्याने पाहिलंच नाही. नंतर पाहता पाहता सगळं बिघडलं. एक फटका, वाईट चेंडूंपायी एकाला फुकटचा बेस, मग वांद्रीचा चेंडू फलंदाजाच्या पाठीत. तिन्ही बेसवर समोरच्या संघाची माणसं उभी; त्यातला एक जरी घराच्या बेसवर पोचला तरी बरोबरी. म्हातारा तणतणत उठला आणि पोराला चार शब्द सुनवायला स्वतः निघाला. मागून कोच हाका मारत होता. ढोलांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. रेषा ओलांडून तो उंचवट्यावर पोचला तेव्हा पंच शांतपणे जवळ आला आणि त्याने दोन बोटं वर केली.

एका डावात मॅनेजर किंवा कोच त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेला, की त्या पिचरला काढावंच लागतं. हे शेंगदाणे विकणाऱ्यांनाही माहीत असतं. तीस वर्षं मॅनेजर असलेला माणूस विसरला नव्हता, त्याला पहिली फेरी झाल्याचाच पत्ता नव्हता.

त्याने कमरेवर हात ठेवले. मग कुंपणाकडे पाहून त्याने आपल्या उजव्या दंडाला हात लावला, म्हणजे उजव्या हाताचा पिचर पाठवा.

"ऊठ," निनो म्हणाला.

"पुन्हा तापवायचं?"

"नाही रे बाबा. आत जायचं. नाड्या बांध."

फाटक उघडलं. एलादिओ धावत निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की जाकीट अंगातच आहे. लोक हसले. त्याने ते काढून तिथेच गवतावर टाकलं.

म्हाताऱ्याने चेंडू त्याच्या हातात ठेवला. "हात गरम आहे ना?"

"ऑक्टोबरपासून."

म्हातारा मान खाली घालून परत गेला.

सरावाला आठ चेंडू मिळतात. तिसरा कॅचरच्या डोक्यावरून मागच्या जाळीवर गेला. वरून कुणीतरी ओरडलं, "गार पडली रे किटली." एलादिओचे पाय आत्ता, नेमके आत्ता, थांबले होते. खांदा स्वतःहून फिरत नव्हता. त्याने छातीवर क्रूस काढला. मनात काही मागायला जावं तर शब्दच येईनात. मग त्याने नुसतं "आई" म्हटलं आणि फेकला.

पहिला चेंडू मातीत पडला. कॅचरने तो छातीवर अडवला, नाहीतर धाव गेलीच होती. दुसरा खाली, फलंदाजाच्या हातांजवळ. बॅटचा बारीक आवाज झाला आणि चेंडू टप्पे घेत थेट एलादिओकडे आला. त्याने उचलला, घराच्या बेसवर कॅचरला दिला, कॅचरने पहिल्या बेसवर. घराकडे धावणारा आणि फलंदाज, दोघं बाद; आधीचा एक धरून तीन, म्हणजे डाव खलास. सामना संपला.

पोरं त्याच्या अंगावर पडली. कुंपणामागे निनो फोन कानाला लावून उभा होता, पलीकडे कुणी नसतानाही.

सोमवारी यादीत एलादिओचं नाव नव्हतं. सांगायला म्हातारा स्वतः घरी आला, केळ्यांचा घड घेऊन. इडालियाने कॉफी ठेवली.

"कालचं बघून ठेवून घ्यावं असं वाटलं मला," म्हातारा म्हणाला. "पण दोन चेंडूंवर मी माणूस ठेवत नाही. खोटं कशाला बोलू?"

"माहीत होतं," एलादिओ म्हणाला. तो खिडकीशी उभा होता.

"कुंपणामागे फोन घ्यायला कुणीतरी हवंय. पोरांना कधी उठवायचं, कधी बसवायचं ते बघायला. निनो म्हणतो, तुझ्याइतकं ते कुणाला कळत नाही."

एलादिओ खिडकीपासून दारापर्यंत गेला, परत आला.

"एक अट आहे. ज्याला उठवाल, त्याला त्या दिवशी आत न्यायचं. नसेल न्यायचं तर फोन करू नका."

"अशाने मला कुणाला उठवताच यायचं नाही."

"मग सगळे बसू देत. दंड तरी राहतील पोरांचे."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "दोनदा उठवलं तर तिसऱ्यांदा नेईन," तो शेवटी म्हणाला. "याहून जास्त कुठलाही मॅनेजर कबूल करायचा नाही. लबाड असेल तरच करेल."

इडालियाने दोघांचे कप पुन्हा भरले आणि खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली.

"चालेल," तो म्हणाला आणि बसला.

शेजारच्या घरात फोन वाजला. तो अर्धवट उठला, पण तोवर इडालियाचा हात त्याच्या खांद्यावर येऊन पडला होता.