आईच्या झोपेचा आलेख

आई अकोल्यात झोपते आणि तिची झोप मी अमरावतीत सकाळच्या चहाबरोबर वाचते. झोपेत तिचा श्वास अडकतो. म्हणून ती रात्री नाकातोंडावर मास्क लावते. उशाशी ठेवलेलं यंत्र हवेचा दाब देऊन श्वासाची वाट मोकळी ठेवतं आणि सकाळी सगळी खबर माझ्या फोनवर पाठवतं: श्वास किती वेळा अडकला, मास्कमधून हवा किती गळाली, मास्क किती वेळ चेहऱ्यावर होता. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. आलेख दिसला की मला आपण फार शहाण्या आहोत असं वाटू लागतं.

उन्हाळ्यात त्या आलेखात एक फट दिसू लागली. पहाटेच्या आधी कधीतरी मास्क निघायचा आणि बहुतेकदा परत लागायचाच नाही. मग दिवसभर आई बसल्याजागी डुलक्या घ्यायची. एकदा पेटत्या गॅससमोरच तिचा डोळा लागला आणि तव्यावरच्या पोळीचा कोळसा झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हृदयावर ताण येतोय, मास्क रात्रभर हवाच. बाबांना विस्मरणाचा आजार, आणि त्यांचं सगळं करणारी आई एकटी. ती पडली असती तर दोघांचंही कठीण होतं.

मी कामाला लागले. अकोल्याचं ऊन, नाक कोरडं पडत असणार, म्हणून डॉक्टरांना विचारून हवेतला ओलावा वाढवला. फट तशीच. दाब हळूहळू चढेल असं करून पाहिलं, मास्कचं माप बदललं. फट तशीच. आई फोनवर "बरं व, लावतो" म्हणायची आणि मला तिचाच राग यायचा. हट्टीपणा, दुसरं काय!

एका रविवारी मात्र मी फटीच्या आधीचा भाग नीट पाहिला. तिथे गळती नव्हती, श्वास अडकलेला नव्हता, दाबही चढलेला नव्हता. मास्कचा त्रास असता तर आधी काहीतरी हललं असतं. इथे सगळं शांत, आणि अचानक मास्क गायब. कुणी जागेपणी, समजून उमजून काढावा तसा. आग रामेश्वरी आणि माझा बंब मात्र सोमेश्वरी धावत होता.

मी एसटीने अकोल्याला गेले. आई गच्चीवर मुगाच्या वड्या घालत होती, बाबा जिन्याच्या सावलीत बसले होते.

"आई, मास्क कावून काढतं तू?"

"तुह्ये बाबा उठतात. माह्या तोंडावर थे पाह्यलं की भेतात. म्हनतात, कोन हाय व तू? मंग मी काढतो अन् म्हनतो, मी आहो. पाह्यतात अन् झोपतात."

"मंग परत लावाचा ना!"

"पुना उठले तं?"

"मले सांगाचं नाई का?"

"तू मशीनचं इचारत होती. बाबाचं कोठी इचारलं?"

वड्यांचं पीठ तिच्या बोटांना लागलेलं होतं. मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि उरलेल्या वड्या घातल्या.

डॉक्टरांशी बोलून नाकपुड्यांखाली बसणारा छोटा मास्क आणला. त्यात सगळा चेहरा उघडा राहतो. बाबांनी म्हणे पहिल्या रात्री नळीला हात लावून पाहिला, आईकडे पाहिलं आणि कूस बदलली. फट बुजली. आईच्या डुलक्याही गेल्या. फक्त गळतीच्या रेषेवर मधूनच बारीक टोकं दिसायची. तोंड उघडलं की त्या मास्कमधली हवा तोंडावाटे निसटते. म्हणजे आई "मी आहो" म्हणाली की तेवढं एक टोक उमटायचं. डॉक्टरांनी त्याबद्दल विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ते राहू द्या, ते आईचं बोलणं आहे. सकाळी ती टोकं पाहिली की मला बरं वाटायचं.

दिवाळीनंतर ती टोकं कमी होत गेली आणि मग रेषा अगदी सपाट झाली. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, "उत्तम! काहीच बदलू नका." मी कॉलेजातूनच आईला फोन लावला.

"बाबा उठत नाईत का आता?"

"उठतात ना. इचारतातबी. पन मी आहो म्हटलं तं म्हनतात, मी म्हंजे कोन? नाव सांगतलं तरी पाह्यतच राह्यतात. मंग म्या बोलनंच सोडलं. नुसता हात धरतो त्याईचा. झोपतात."

मला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडू आलं. आवाज सावरून विचारलं, "अन् तुले झोप लागते?"

"लागते व," आई म्हणाली. "आता बोलावं लागत नाई ना."