दुधातली गोळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येतंय.

सासरे गेल्यावर सासूबाई समुद्रकाठच्या मुरबे गावाहून आमच्याकडे बोईसरला आल्या. जन्मभर मासळी विकलेली बाई. इथे फ्लॅटमध्ये त्यांना करायला काहीच नव्हतं. दुपारी डुलक्या काढायच्या, दिवेलागणीला जेवून आडवं व्हायचं – आणि मग रात्रभर झोप नाही. भांडी हलव, बाल्कनीचं दार उघड. वर्षभर हेच. माझी कारखान्यात सकाळची पाळी. डोळे कायम चुरचुरत असायचे.

आमच्या डॉक्टरांनी त्यांना झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी हातही लावला नाही. "नको गो. गोळीनं मानूस येडा होते. जागी हाय तर जागी हाय."

मग मी – कसं सांगू – गोळी कुटून त्यांच्या दुधात घालायला लागले.

त्या झोपू लागल्या. मीही. आणि खरं सांगते, मला वाईट वाटत नव्हतं. सकाळी त्यांचा तोल जायचा, भिंत धरून चालायच्या. ते मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पुढे एक गोळी पुरेना, तेव्हा मी दीड केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या सकाळी बाथरूमच्या दारात पडल्या. खुबा मोडला.

पालघरच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोपेचं काही औषध घेतात का?"

"छे, आई गोळीला शिवतसुद्धा नाही," नवरा म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हटलं. भीती वाटली – दुसरं काय?

गोळ्या मी बंद केल्या, तशी त्यांची जागरणं परत सुरू झाली. त्याच बाईंनी पुढे सासूबाईंच्या झोपेचं नीट बघितलं. रात्रीची झोप दिवसा खर्च होते, म्हणाल्या. रोज ठरलेल्या वेळी उठायचं. दुपारी पडायचं नाही. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, आणि झोप आली नाही तर तळमळत न राहता उठून बसायचं. सुरुवातीला फार जड गेलं. त्या चिडायच्या, बसल्या जागी पेंगायच्या. दुपारी पडू नये म्हणून मी त्यांना शेजारणींची कोळंबी सोलायला बसवायचे. हळूहळू झोप लागू लागली. गोळीशिवाय.

म्हणजे हे आधीही जमलं असतं? जमलं असतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

आता त्या काठी टेकत चालतात. मुरब्याला गेल्या तरी बंदरापर्यंत जाता येत नाही, ओटीवरच बसतात. भेटायला आलेल्या बायकांना सांगतात, "मीच बगून चालले नाय. पन माझे सुनेनं माझी झोप परत आनली."

तेव्हा मी चहा ठेवायला आत जाते.